छातीत टिकटिक, पडद्यावर प्रवेश: ऑनलाइन इम्प्रॉव्हबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या हृदयाची झडप बदलली त्याला आता अकरा महिने झाले. सुरुवातीला भेटायला येणारे तब्येतीबद्दल विचारत. मग कुणीतरी फोडलं, की ही बाई दर बुधवारी रात्री लॅपटॉपसमोर बसून कधी घड्याळजी होते, कधी टीसी, कधी शेजारच्यांचा बोका. तेव्हापासून प्रश्नांचा रोखच बदलला. ऑफिसातले, नात्यातले, फिजिओथेरपीच्या बाकावर ओळख झालेले, सगळ्यांना तीच तीच उत्तरं देऊन दमले, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

इम्प्रॉव्ह म्हणजे स्टँडअपच ना?

नाही. स्टँडअपवाला एकटा असतो आणि घरून लिहून, घासूनपुसून आणलेलं बोलतो. इम्प्रॉव्हमध्ये लिहिलेलं काहीच नसतं. दोन-चार जण असतात. बघणाऱ्यांकडून ते एखादा शब्द मागतात, समजा 'कुकर', आणि तिथून पुढे सुचेल ते बोलत एक प्रवेश उभा करतात. पाच मिनिटांत तो संपतो आणि कायमचा जातो. तालीम असते, पण ती खेळांची. संवादांची नाही.

मूळ नियम एकच आहे. समोरच्यानं जे सांगितलं ते मानायचं आणि त्यात आपली भर घालायची. इंग्रजीत याला 'येस, अँड' म्हणतात, आम्ही 'हो, आणि' म्हणतो. समजा कुणी म्हणालं, "डॉक्टर, पोटात कावळे ओरडतायत." त्यावर "मी डॉक्टर नाही, प्लंबर आहे" म्हटलं तर हशा मिळेल, पण प्रवेश तिथेच मेला. त्याऐवजी "हो, ऐकू येतायत, आणि पितृपक्ष संपेपर्यंत काही जायचे नाहीत" असं म्हटलं, की पोट, कावळे आणि पितृपक्ष असं तिघांचं बिऱ्हाड आपल्या हाती लागतं.

हे परदेशी खूळ आपल्याकडे कशाला?

हा प्रश्न बहुतेक वेळा माझे थोरले दीर विचारतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

नियमांची भाषा तिकडची आहे, खरंच. शिकागोत व्हायोला स्पोलिन नावाच्या बाईंनी स्थलांतरितांच्या वस्त्यांतल्या मुलांबरोबर काम करताना नाटकाचे खेळ रचले. मुलं वेगवेगळ्या देशांतून आलेली, भाषा वेगळ्या, रीती वेगळ्या. खेळातून मात्र ती लगेच जुळत. त्यांचा मुलगा पॉल सिल्स याने ते खेळ मोठ्यांच्या रंगमंचावर नेले. सहकाऱ्यांबरोबर आधी १९५५ साली 'कंपास' आणि मग १९५९च्या डिसेंबरात 'सेकंड सिटी' या नाटकमंडळ्या सुरू केल्या. दुसरी वाट कीथ जॉनस्टनची. हा माणूस आधी लंडनच्या रंगभूमीवर होता, नंतर कॅनडात कॅल्गरीला गेला. व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्याभोवती लोक जसे आरडाओरडा करतात तसे नाटकाला का करत नाहीत, या विचारातून त्याने दोन संघांत जुंपणारं 'थिएटरस्पोर्ट्स' काढलं. नाटकवाल्याला कुस्तीचा हेवा वाटावा, ही मला त्याची सगळ्यात आवडलेली गोष्ट.

पण माझं माहेर कुडाळजवळचं. जत्रेच्या रात्री देवळासमोर पडदा, एक बाक, पेटी, मृदंग आणि झांज. दशावतार या आमच्या लोकनाट्याची संहिता कुणी लिहिलेली नसते. आज कोणतं आख्यान लावायचं ते ठरतं, भूमिका वाटल्या जातात, नट आपापलं तोंड रंगवून घेतात, आणि मग राजा नि राक्षस समोरासमोर उभे राहून पुराणातले दाखले देत एकमेकांना शब्दात पकडतात. तोच बाक सिंहासन, तोच पलंग. एकाने दाखला दिला की दुसऱ्याला तो उचलून परतवावाच लागतो, नाहीतर समोर बसलेली म्हातारी माणसं तोंडावर सांगतात की आज जमलं नाही. संकासुर आला की आम्ही पोरं भीतीने मागे आणि हौसेने पुढे सरकायचो. पहाटे दहीकाला झाला की तसेच झोपेत चालत घरी.

कॉलेजात असताना कुणी मला दशावताराला 'इम्प्रोवायझेशन' म्हटलं असतं तर मी हसले असते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर झूमवर 'समोरच्याने दिलेलं उचला' हा धडा गिरवताना लक्षात आलं की हे मी सतरंजीवर बसून शंभर वेळा पाहिलं आहे. तमाशातली बतावणीही त्याच गोत्रातली. तेव्हा दीर, खूळ आहेच, पण घरचंच आहे.

तुम्हाला नक्की झालं काय होतं?

लहानपणी घसा सुजून ताप आला होता आणि मग गुडघे, घोटे सुजले होते. घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होऊन तो नीट उपचारांविना राहिला, तर काही मुलांना र्‍हुमॅटिक फीवर येतो. सांधे बरे होतात, हृदयाच्या झडपा मात्र पुढे वर्षानुवर्षं आतल्या आत खराब होत राहतात. माझी मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, अशी गेली. डोंबिवली स्टेशनचा पूल चढताना धाप लागायची, तेव्हा दोन वर्षं मी वजनाला दोष देत राहिले.

आता त्या जागी यांत्रिक झडप आहे. ती टिकाऊ असते, पण रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते आणि ठरावीक दिवसांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी. माझ्यासाठी डॉक्टरांनी अडीच ते साडेतीनची मर्यादा ठरवून दिली आहे. पालेभाज्यांनी या गोळीचा परिणाम कमीजास्त होतो. पालक, मेथी बंद नाही, पण आज जुडीभर आणि पुढचे पंधरा दिवस काहीच नाही असंही चालत नाही. आणि ही झडप वाजते. शांत खोलीत स्पष्ट ऐकू येते, मनगटी घड्याळासारखी.

हे इम्प्रॉव्ह आजाराच्या आधीही करत होतात म्हणे?

हो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, नाट्यगृहं बंद झाली आणि जगभरातल्या इम्प्रॉव्हवाल्यांनी गाशा गुंडाळून झूमवर मुक्काम हलवला. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीला कॉलेजपासून याचा नाद. तिने ओळखीपाळखीतून आठ-दहा जण जमवले. मी गेले ती निव्वळ कंटाळा आला म्हणून. दीड वर्ष नेमाने केलं. मग ऑफिस सुरू झालं, लोकल सुरू झाली, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मुलाची बारावी. एका बुधवारी मी "आज नाही जमत" असा मेसेज टाकला, तो पुढे तीन वर्षं चालला.

मग परत कशी वळलात?

शस्त्रक्रियेनंतरच्या सातव्या आठवड्यात. दुखणं तोवर बरंच उतरलं होतं. भाषेनं मात्र मला जखडलं होतं. माझ्याशी बोलताना सगळे क्रियापदं आज्ञार्थी वापरत. झोप, बस, उचलू नकोस, गोळी घे, हळू चाल. मायेनेच, पण दिवसभर. फोनवर पहिला प्रश्न "कसं वाटतंय?" आणि त्याला "बरं वाटतंय" हे एकच उत्तर चालायचं, दुसरं दिलं की समोरचा घाबरायचा. एका भूमिकेत दोन महिने काढले होते, तिचे संवाद पाठ झाले होते आणि नाटक बदलायचं कुणी नाव काढत नव्हतं.

जुना ग्रुप अजून सुरू आहे असं कळलं. सहा जण उरले होते. नागपूरच्या एक निवृत्त काकू, कोल्हापूरचा एक इंजिनिअर मुलगा, ठाण्याचं जोडपं, ऑफिसातली ती मुलगी आणि एक जण न्यू जर्सीत. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे त्याचे सकाळचे अकरा, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की दहा. मी नुसतं बघायला म्हणून बसले.

तिसऱ्या प्रवेशाला काकूंनी मला ओढलंच. सुचवलेला शब्द होता 'वारसा'. मी कॅमेरा लावला आणि काहीच सुचलं नाही. सगळे शांत. त्या शांततेत मला फक्त माझीच टिकटिक ऐकू यायला लागली. बाकी कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं, झूम असले बारीक आवाज गाळून टाकतो. काकूंनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "घड्याळ. वडिलांनी दिलंय. बंद करता येत नाही."

काकू क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग गजर कितीचा लावलाय?"

ऑपरेशन माहीत असूनही त्या असं बोलल्या. गेल्या सात आठवड्यांत असं माझ्याशी कुणीही बोललं नव्हतं. मी उशी छातीशी धरायची विसरले आणि हसले.

उशी? हसल्यावर टाके दुखत नाहीत का?

दुखतात की. या शस्त्रक्रियेत छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. ते सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं पक्कं व्हायला तीन महिने. तोवर खोकला, शिंक आणि हसू या तिन्हींना हॉस्पिटलवाले एकाच नजरेने बघतात. उपाय एकच शिकवतात, छोटी उशी किंवा घडी केलेला टॉवेल छातीशी घट्ट धरायचा आणि मग काय ते करा. वॉर्डात माझ्या शेजारच्या आजी नातवाला बजावत, "हसवशील तर आधी सांगून हसव."

पहिले चार-पाच आठवडे मी विनोदी काहीही बघायचं टाळलं आणि ते बरोबर केलं असं मला वाटतं. त्या काळात अंगात ताकद नसते. तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरमध्ये हळूहळू श्वास ओढून चेंडू वर नेणं हाच दिवसाचा मोठा पराक्रम. माझा तिसरा चेंडू सोळाव्या दिवशी उठला, त्या आनंदात मला खोकला आला.

सातव्या आठवड्यात हसले तेव्हा दुखलं, पण सहन होण्यासारखं. माझा हिशेब तुम्हाला लागू होईल असं नाही, हे नीट वाचा. हाडातून 'कट्' असा आवाज आला, सरकल्यासारखं वाटलं, जखमेतून पाणी आलं, ताप आला किंवा धाप वाढली, तर इम्प्रॉव्ह बाजूला आणि डॉक्टरांना फोन.

हसणं हेच सर्वांत मोठं औषध, नाही का?

नाही. औषध म्हणजे ती संध्याकाळची गोळी. ती चुकली तर झडपेत गुठळी होऊ शकते, हसणं चुकलं तर फारतर नवऱ्याचा विनोद वाया जातो.

मला या वाक्याची चीड आहे, कारण ते आजारी माणसावर आणखी एक काम टाकतं. आता हसायचंसुद्धा नियमित? हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर कित्येकांना काही आठवडे उदास वाटतं, विनाकारण रडू येतं, चिडचिड होते. मलाही झालं. ते दोन-तीन आठवड्यांत ओसरलं नाही, झोप आणि भूक गेली, तर तेही डॉक्टरांना सांगायचं असतं, त्यावर उपचार असतात. बुधवारच्या खेळामुळे माझं हृदय बरं झालं असा माझा दावा नाही. आठवड्यातून चाळीस मिनिटं मी पेशंट नव्हते, एवढंच मी खात्रीने सांगू शकते.

चाळीसच मिनिटं का?

झूमची फुकट मीटिंग तेवढ्यात संपते! ग्रुपमधले बाकीचे यावर कुरकुरतात, दुसरी लिंक पाठवून पुन्हा जमतात. मला ती मर्यादा वरदान वाटली. मोठ्या आजारानंतरचा थकवा सांगून येत नाही, एकदम दिवे गेल्यासारखा येतो. तेव्हा "मला आता जायला हवं" हे सांगण्याचा कमीपणा नाही, यंत्रच उठवतं.

पण समोर माणूस नसताना नाटक कसं होतं? खरंखुरं सांगा.

अर्धं होतं. रंगमंचावर दोघे एकदम बोलले तर गंमत येते, झूम मात्र एकाचा आवाज दाबून टाकतो. आवाज पोचायला क्षणाचा उशीर लागतो, त्यामुळे सुरात गाणं, एकत्र आकडे मोजणं, एका ठेक्यात टाळ्या हे विसरायचं. आम्ही एकदा हट्टाने आरती म्हटली. न्यू जर्सीवाला पूर्ण एक ओळ मागे होता, आणि देवालाही कळलं असेल की नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे.

सगळ्यात मोठी पंचाईत हशाची. बघणारे म्यूट असतात. तुम्ही तुमच्या मते फार भारी वाक्य टाकता आणि समोर चौकटी नुसत्या हलतात. विनोद पडला की पोचला, काही कळत नाही. सुरुवातीला हे फार खटकायचं. आता मला वाटतं की त्यामुळेच आम्ही टाळीसाठी खेळायचं सोडलं. ऐकणारा उरतो तो फक्त समोरचा खेळगडी.

काही गोष्टी मात्र इथेच जमतात. ज्यांचा कॅमेरा बंद त्यांना लपवायचा एक पर्याय झूममध्ये आहे. तो सगळ्यांनी लावून ठेवला की कॅमेरा बंद म्हणजे विंगेत, कॅमेरा सुरू म्हणजे एन्ट्री. नाव बदलता येतं, म्हणून चौकटीखाली 'चिंतोपंत' किंवा 'बोका' असं झळकवता येतं. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ गेलं की राक्षस, मागे सरकलं की लहान मूल. स्वतःचा चेहरा लपवायचाही पर्याय आहे आणि तो मी प्रत्येकाला लावायला सांगते, विशेषतः आजारातून उठलेल्यांना. आपला उतरलेला चेहरा बघत बसलं तर दुसऱ्याचं ऐकणं बंद होतं.

वस्तू देणंघेणंही शिकावं लागतं. प्रत्येकाच्या पडद्यावर चौकटींचा क्रम वेगळा असतो, त्यामुळे 'उजवीकडे' म्हणून काही नसतंच. आम्ही कॅमेऱ्याच्या दिशेने देतो आणि कॅमेऱ्यातूनच घेतो. ठाण्याच्या जोडप्यातला नवरा पलीकडच्या खोलीतून चहा 'देतो' आणि बायको या खोलीत खरा कप उचलते. तो कप तिने स्वतःच केलेला असतो, हे ती दर वेळी प्रवेशात ऐकवते.

आणि पडद्यावर फक्त छातीपासून वर दिसतं. मला दोन-तीन किलोंवर काही उचलायचं नव्हतं, ढकलायचं-ओढायचं नव्हतं, हात डोक्यावर न्यायचे नव्हते. रंगमंचावर हे झाकता आलं नसतं. चौकटीत मी कोपर अंगाशी ठेवून आख्खी होडी वल्हवली आहे.

मराठीत जमतं का हे? सगळे खेळ तर इंग्रजीतले.

मराठीत जास्त जमतं, हे मी भांडून सांगायला तयार आहे.

जॉनस्टनचा एक मोठा धडा पायरीचा आहे. प्रवेशात कोण वर, कोण खाली हे पहिल्या क्षणी दिसायला हवं. इंग्रजीत त्यासाठी नजर, पाठीचा कणा, बसण्याची ढब असं सगळं वापरावं लागतं. आपल्याकडे एक सर्वनाम पुरतं. "तू बस", "तुम्ही बसा" आणि "आपण बसावं" या तिन्हींत तीन वेगळी नाटकं आहेत. मधेच 'तुम्ही'चं 'तू' केलं की दोघांत काहीतरी घडलंय हे झोपलेल्या प्रेक्षकालाही कळतं. एका प्रवेशात मी सासू आणि कोल्हापूरचा मुलगा जावई. पाच मिनिटांत तो 'आपण'वरून 'अगं आई'वर आला. बाकी गोष्ट काही नव्हती, तेवढ्यावरच प्रवेश तरला.

क्रियापदंही चहाडी करतात. इंग्रजीत पात्र बाई आहे की पुरुष हे लपवता येतं, मराठीत "मी आलो" म्हटलं की संपलं. काकू हटकून पुरुष होतात, पहिल्याच वाक्यात "मी येऊन राहिलो बे!" असं दणकून. बोलींचं तर काय सांगायचं. मी मालवणीत "खंय चललंस?" म्हणून सुरुवात केली की मला विचार करावाच लागत नाही, माझी आजी बोलते.

आता मुळाक्षरांच्या खेळाबद्दल. प्रत्येक वाक्य पुढच्या अक्षराने सुरू करायचं. इंग्रजीत फारतर एक्सला अडतात. आम्ही क, ख, ग, घ असे ऐटीत गेलो आणि ङपाशी गाडी थांबली. ङवरून शब्द कुठला आणायचा? कोल्हापूरच्या मुलाने कॅमेऱ्याजवळ तोंड आणून बारीक "ङ्ङ्ङ" सुरू केलं, तो डास झाला होता. च, छ, ज, झ सुखरूप. ञ आल्यावर पुन्हा तो डास आणला, पण एकदा वापरलेला डास चालत नाही म्हणून आम्ही त्याला बाद केलं. ट, ठ, ड, ढ. आणि मग ण. मी मनात म्हटलं, आता मेलो. पोरगं जैन. त्याने शांतपणे डोळे मिटले आणि "णमो अरिहंताणं..." सुरू केलं. प्रवेशात तो नुकताच धाड पडलेला व्यापारी होता, त्यामुळे ते चपखल बसलं. ञचं कोडं अजून सुटलेलं नाही. ळचंही.

मला विनोद सुचत नाहीत. मी येऊन काय करू?

उत्तम. सुचणाऱ्यांचा त्रास जास्त होतो. ते समोरच्याचं ऐकत नाहीत, आपला विनोद घुसवायची फट शोधत बसतात. जॉनस्टन आपल्या विद्यार्थ्यांना हुशार व्हायला नाही, उघड असेल ते करायला सांगायचा. दार वाजलं तर दार उघडा. आमच्या ग्रुपमध्ये ठाण्याची बाई सगळ्यात सरळ बोलते आणि सगळ्यात जास्त हशा तीच मिळवते. तिला याचं अजून आश्चर्य वाटतं.

सुरुवातीला 'एकेक शब्द' खेळा. गोलाने प्रत्येकाने एकच शब्द बोलायचा आणि मिळून गोष्ट सांगायची. "काल" "रात्री" "माझ्या" "जावेने" "चुलीत" "पासपोर्ट"... बघा, तुम्ही फक्त एक शब्द दिलात.

आजारपणात लक्ष लागत नाही, नावं आठवत नाहीत. झेपेल?

माझंही तसंच होतं. हार्ट-लंग मशीनवरच्या, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम तेवढा वेळ यंत्राकडे देऊन केलेल्या, शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे, काहींना काही महिने, असं धुकं जाणवतं. मला 'झारा' हा शब्द आठवेना आणि मी मुलाला "ते भोकाभोकांचं" आण म्हणाले. पाठांतराच्या नाटकात मी त्या काळात उभीच राहू शकले नसते. इथे विसरण्यासारखं काही नसतंच. प्रवेशात शब्द अडला तर तो पात्राचा अडतो. एकदा मी प्रवेशातल्या नवऱ्याचं नाव तीन वेळा वेगवेगळं घेतलं. न्यू जर्सीवाल्याने तिघंही नवरे वठवले.

स्वतःच्या आजारावर विनोद करता का?

मी करते. दुसऱ्याने करायचा की नाही, ते आम्ही सुरुवातीला विचारून घेतो. आमच्याकडे साधी खूण आहे. कुणालाही प्रवेश नकोसा झाला तर कॅमेऱ्यावर तळहात ठेवायचा. प्रवेश थांबतो आणि कारण कुणी विचारत नाही. 'हो, आणि' हा नियम पात्रांसाठी आहे, माणसाला 'नाही' म्हणायची पूर्ण मुभा असते. मी एकदाच हात ठेवला आहे, कुणीतरी गमतीत आयसीयू उभं केलं तेव्हा. तिथल्या यंत्रांचे आवाज मला त्या दिवशी नको होते. महिन्याभराने तेच आयसीयू मी स्वतः मागितलं आणि त्यात सगळ्यांना पेशंट करून मी एकटी नर्स झाले. "झोप, बस, उचलू नकोस," मनसोक्त ओरडून घेतलं.

घरचे काय म्हणतात?

नवरा सुरुवातीला दाराआड उभा राहायचा, मी दमते की काय म्हणून. एकदा प्रवेशात मी जोरात "वाचवा!" ओरडले आणि तो पाण्याचा तांब्या घेऊन धावत आत आला. सगळ्या चौकटींनी त्याला पाहिलं. काकूंनी लगेच त्याला "आले बघा अग्निशमन दलवाले" म्हणून प्रवेशात ओढलं. तो म्हणाला, "हिला आधी गोळी घेऊ दे." त्या महिन्यातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य ते. आता मी सुरू होण्याआधी घरात घोषणा करते: आज कितीही ओरडले तरी नाटक. खरंच काही झालं तर मी त्याला पूर्ण नावाने हाक मारणार, असं ठरलं आहे.

सासूबाईंना वाटतं मी मीटिंगमध्ये काम करते. एका अर्थी बरोबरच आहे.

खर्च किती? काय काय लागतं?

आमचा ग्रुप घरचा, फुकट. पैसे घेऊन शिकवणारेही आहेत, भारतात आणि बाहेर. आधी एखादा वर्ग नुसता बघा, मग भरा. हेडफोन, पाठ टेकवता येईल अशी खुर्ची, पाण्याची बाटली. नवीन असाल तर उशी.

मी कधी सुरू करू?

तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि नुसतं "नाटक करू का?" असं विचारू नका. माझ्या डॉक्टरांना मी तसं विचारलं तर ते म्हणाले, "कसलं नाटक?" नेमकं सांगा: बसून, चाळीस मिनिटं, मोठ्याने बोलणं, हसणं, हातवारे कोपरापर्यंत. त्यावर त्यांना नेमकं उत्तर देता येतं. पहिले दोन-तीन वेळा कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐका. रात्रीची गोळी खेळाच्या आधी घ्या. नंतर हमखास विसरते.

प्रत्यक्ष रंगमंचावर जाणार का?

ठाण्यात एकदा सगळे भेटलो, न्यू जर्सीवाला सोडून. काकू माझ्यापेक्षा वीतभर उंच निघाल्या, झूमवर त्या नेहमी खाली बसलेल्या असायच्या. एका हॉलमध्ये तासभर खेळलो. मजा आली, आणि दुसऱ्या दिवशी मी दुपारपर्यंत झोपून होते. सध्या बुधवार पुरे.

तो टिकटिक आवाज आता त्रास देत नाही?

डाव्या कुशीवर वळले की देतो. अपरात्री जाग आली तर मी तो मोजत बसते आणि मोजता मोजता चुकते. गेल्या बुधवारी दुसऱ्याच कुठल्यातरी प्रवेशात, मी भाजीवाली असताना, काकूंनी मेथीची जुडी निवडता निवडता विचारलं, "काय गं, ते वडिलांचं घड्याळ दुरुस्त झालं का?"

मी म्हणाले, "हो, आणि दर महिन्याला तेलपाणी करून न्यायला सांगितलंय."

मंगळवारी आयएनआर आहे.